चॉकलेट आणि दंतआरोग्य

चॉकलेट आणि दंतआरोग्य यांचा संबंध मुख्यत्वे दंतक्षयाच्या, म्हणजेच दात किडण्याच्या, संदर्भात अभ्यासला जातो. चॉकलेटमधील साखरेवर तोंडातील जिवाणूंची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि या आम्लामुळे दातांच्या बाह्य कवचातील खनिजे विरघळू लागतात. चॉकलेटचा मूळ घटक असलेला कोको दात किडवत नाही. हानी होते ती त्यात मिसळलेल्या साखरेमुळे. ही हानी किती होईल हे केवळ खाल्लेल्या चॉकलेटच्या वजनावर ठरत नाही. साखर दिवसातून किती वेळा तोंडात येते आणि प्रत्येक वेळी दातांवर किती काळ टिकते, या दोन बाबी अधिक निर्णायक ठरतात. याविषयीचे सर्वांत प्रसिद्ध पुरावे स्वीडनमधील वीपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून झालेल्या प्रयोगांतून मिळाले. हे प्रयोग दंतवैद्यकाच्या इतिहासात जितके महत्त्वाचे, तितकेच नैतिकदृष्ट्या वादग्रस्त मानले जातात.

## ‘चॉकलेट’ या शब्दाची व्याप्ती

अन्नशास्त्राच्या दृष्टीने चॉकलेट म्हणजे कोकोच्या भाजलेल्या बियांपासून मिळणारा कोकोचा गर, कोकोचे लोणी व साखर यांपासून बनविलेला पदार्थ होय. दुधाच्या चॉकलेटमध्ये यांखेरीज दुधाची भुकटी असते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी असते, मात्र कोकोची भुकटी नसते.

मराठी बोलीव्यवहारात या शब्दाचा अर्थ बराच व्यापक आहे. कागदात गुंडाळलेल्या जवळजवळ कोणत्याही गोड गोळीला ‘चॉकलेट’ म्हटले जाते. वाढदिवसाला शाळेत वाटली जाणारी, पाहुण्यांनी लहान मुलांच्या हातावर ठेवलेली किंवा दुकानदाराने सुट्ट्या पैशांऐवजी दिलेली ‘चॉकलेटे’ ही पुष्कळदा टॉफी, एक्लेअर किंवा साखरेची कडक गोळी असते. दंतआरोग्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. तोंडाच्या उष्णतेने वितळणारी चॉकलेटची वडी, दाढांच्या खाचांत रुतून बसणारी टॉफी आणि बराच वेळ चघळली जाणारी कडक गोळी हे तिन्ही पदार्थ गोड असले, तरी दातांवरील त्यांचा परिणाम सारखा नसतो. त्यामुळे ‘चॉकलेट खाल्ल्याने दात किडतात’ या विधानाचा अर्थ लावताना नेमका कोणता पदार्थ अभिप्रेत आहे, हे प्रथम पाहावे लागते.

## दंतक्षयाची प्रक्रिया

### कीड ही कल्पना

मराठीत या विकाराला ‘दाताला कीड लागणे’ असे म्हणतात. दातात प्रत्यक्ष किडा शिरतो व तो दात पोखरतो, ही समजूत अतिशय जुनी असून प्राचीन मेसोपोटेमियातील लेखनातही ती आढळते. फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला विरोध केला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला असे किडे आढळले नाहीत, असे त्याने नोंदवले.

अमेरिकन दंतवैद्य विलोबी डेटन मिलर याने बर्लिन येथे केलेल्या संशोधनावरून १८९० मध्ये दंतक्षयाची रासायनिक व जैविक मीमांसा मांडली. तोंडातील जिवाणू अन्नातील शर्करेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताला विरघळवते, असा त्याच्या मांडणीचा गाभा होता. पुढे १९२४ मध्ये जे. किलियन क्लार्क याने किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जिवाणू वेगळा केला. दंतक्षयात लॅक्टोबॅसिलससह इतर अनेक जिवाणूंचाही सहभाग असतो, हे नंतरच्या संशोधनातून दिसून आले.

### आम्लाचा हल्ला

दाताच्या दृश्य भागावर दंतवल्क किंवा एनॅमल नावाचे कवच असते. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाच्या सुमारे ९६ टक्के तो खनिजांचा बनलेला असतो. हायड्रॉक्सिॲपेटाइट हे कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त खनिज त्यात प्रमुख असते. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होत असल्याने एकदा खड्डा पडल्यावर शरीर तो स्वतःहून भरून काढू शकत नाही.

दातांवर सतत साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराला प्लाक म्हणतात. साखर या थरात झिरपली की जिवाणू तिच्यापासून लॅक्टिक व अन्य आम्ले तयार करतात. आम्लता सामू या परिमाणात मोजली जाते. सामू जितका कमी, तितकी आम्लता अधिक. प्लाकचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेल्यावर दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. दाताच्या मुळावर दंतवल्क नसते, त्यामुळे हिरड्या मागे सरून मुळे उघडी पडलेल्या व्यक्तींमध्ये यापेक्षा सौम्य आम्लतेतही झीज सुरू होते.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन याने १९४० च्या दशकात साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यानंतर प्लाकच्या सामूमध्ये होणारा बदल मोजला. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच सामू झपाट्याने घसरतो आणि पूर्ववत होण्यास साधारण अर्धा ते एक तास लागतो, असे त्यात आढळले. हा चढउतार दाखवणारा आलेख ‘स्टीफन वक्र’ या नावाने ओळखला जातो.

### झीज आणि भरपाई

सामू पूर्ववत होण्यामागे लाळेचा मोठा वाटा असतो. लाळ साखर धुऊन नेते, आम्लाचे उदासिनीकरण करते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दातात परत बसू लागतात. फ्लुओराइड असल्यास ही भरपाई अधिक चांगली होते व नव्याने बसलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. अशा प्रकारे दाताची झीज आणि भरपाई दिवसभर आळीपाळीने चालू असते. भरपाईपेक्षा झीज सातत्याने जास्त होत राहिली, तर प्रथम दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर विकार थांबवता येतो, काही वेळा परतवताही येतो. त्यानंतर मात्र पृष्ठभाग कोसळून खड्डा पडतो. कीड दंतवल्काखालील दंतिनात व पुढे मज्जातंतू असलेल्या दंतमज्जेत पोहोचली की ठणका, सूज व पू होणे ही लक्षणे उद्भवतात.

## चॉकलेटमधील साखर

सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखर, दंतक्षयाच्या दृष्टीने विशेष हानिकारक समजली जाते. इतर शर्करांप्रमाणे तिच्यापासून आम्ल तर बनतेच, शिवाय स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स तिच्यापासून ग्लुकान नावाचे चिकट द्रव्य तयार करतो. या द्रव्यामुळे जिवाणू दाताला घट्ट चिकटून राहतात व प्लाकचा थर दाट होतो.

चॉकलेटमधील साखरेचे प्रमाण प्रकारानुसार बदलते. दुधाच्या व पांढऱ्या चॉकलेटमध्ये साधारणतः निम्मे किंवा त्याहून अधिक वजन शर्करेचे असते. दुधातील नैसर्गिक लॅक्टोजचाही त्यात समावेश होतो. सुमारे ७० टक्के कोको असलेल्या गडद चॉकलेटमध्ये हे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असते. वेष्टनावर छापलेली कोकोची टक्केवारी ही कोकोचा गर व कोकोचे लोणी यांची बेरीज असते. उरलेल्या भागात मुख्यत्वे साखर असते. ‘गडद’ हा शब्द केवळ रंगावरून वापरला असेल, तर त्यावरून साखरेचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी वेष्टनावरील पोषणतक्ता पाहणे आवश्यक असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदार्थांत वरून मिसळलेली साखर, तसेच मध व फळांच्या रसांतील शर्करा यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभरातील एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांहून कमी ठेवल्यास अधिक लाभ होऊ शकतो, असेही त्यात सुचवले आहे. दिवसाला २,००० किलोकॅलरी ऊर्जा घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत या मर्यादा अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम येतात. दुधाच्या चॉकलेटच्या ४० ग्रॅमच्या एका वडीत सुमारे २० ग्रॅम साखर असते. म्हणजे चहा, बिस्किटे व मिठाई यांतील साखर मोजण्यापूर्वीच यांपैकी खालच्या मर्यादेचा बहुतांश भाग एका वडीत संपतो.

## तोंडात टिकण्याचा काळ

कोकोचे लोणी शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. त्यामुळे साधे चॉकलेट तोंडात लवकर विरघळते आणि लाळेबरोबर गिळले जाते. चॉकलेट हाताला व जिभेला चिकट वाटते, म्हणून ते दातांनाही बराच वेळ चिकटून राहत असावे, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत कॅश्केट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाणाऱ्याला जाणवणारा चिकटपणा आणि दातांवर प्रत्यक्ष टिकून राहणारे अन्न यांच्यात मेळ आढळला नाही. दुधाच्या चॉकलेटची वडी दातांवरून तुलनेने लवकर दूर झाली, तर बिस्किटे, क्रॅकर आणि बटाट्याचे वेफर्स यांचे कण दातांच्या फटींत व खाचांत अधिक काळ राहिले. पिठूळ पदार्थांतील स्टार्चचे लाळेतील विकरांमुळे शर्करेत रूपांतर होते व तेथेही आम्ल तयार होते.

यावरून चॉकलेट निर्धोक ठरत नाही. मात्र चॉकलेट टाळून त्याऐवजी मुलांना दिवसभर क्रीमची बिस्किटे देणे हा दातांच्या दृष्टीने लाभाचा बदल नाही, एवढे स्पष्ट होते.

चॉकलेटच्या आवरणाखाली काय भरले आहे, यावरही परिणाम अवलंबून असतो. कॅरॅमल, नूगा किंवा सुकामेव्याचा गोड लगदा भरलेल्या वड्यांमुळे दाढांवर साखर अधिक काळ राहू शकते. कडक गोळीच्या बाबतीत चिकटपणापेक्षा कालावधी महत्त्वाचा असतो. गोळी गालात धरून पंधरा मिनिटे चघळली, तर तेवढा वेळ दातांना साखरेचा अखंड पुरवठा होत राहतो.

## खाण्याची वारंवारता

स्टीफन वक्राच्या आधारे वारंवारतेचे महत्त्व सहज समजते. समजा, एका वडीचे पाच तुकडे आहेत. जेवणानंतर ते एकाच वेळी खाल्ले, तर आम्लाचा एक हल्ला होतो व तासाभरात लाळ दाताला पूर्वस्थितीकडे आणते. तेच पाच तुकडे दर तासाला एक याप्रमाणे खाल्ले, तर पाच स्वतंत्र हल्ले होतात. एका हल्ल्यातून दात सावरतो न सावरतो तोच दुसरा सुरू होतो. दोन्ही प्रसंगी पोटात गेलेली साखर तेवढीच असते, दातांची झीज मात्र सारखी नसते.

वेळेचाही संबंध असतो. जेवताना लाळ भरपूर सुटते, त्यामुळे जेवणाला जोडून खाल्लेली साखर लवकर धुतली जाते. झोपेत लाळेचे प्रमाण अतिशय कमी होते. म्हणून रात्री दात घासल्यानंतर खाल्लेले चॉकलेट, तसेच झोपण्यापूर्वी चॉकलेटची पूड व साखर घालून दिलेले दूध, दिवसा घेतलेल्या तेवढ्याच पदार्थापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते. काही औषधांमुळे किंवा डोके व मान यांवरील किरणोपचारांमुळे लाळ कमी झालेल्या व्यक्तींनाही हाच धोका संभवतो.

## वीपेहोल्म प्रयोग

### पार्श्वभूमी व स्वरूप

१९३० च्या दशकात स्वीडनमधील जनतेचे दंतआरोग्य अतिशय वाईट होते. तेथे १९३८ मध्ये सार्वजनिक दंतसेवा सुरू करण्यात आली. मात्र केवळ दात भरून हा प्रश्न सुटणार नाही व त्याचे कारण शोधणे आवश्यक आहे, असे शासनाच्या लक्षात आले. साखर व दंतक्षय यांचा संबंध असावा, असा संशय होता. परंतु माणसांवरील नियंत्रित प्रयोगाचा पुरावा उपलब्ध नव्हता.

लुंड शहरातील वीपेहोल्म हे बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठीचे मोठे रुग्णालय १९३५ मध्ये सुरू झाले होते. तेथील रुग्ण दीर्घकाळ एकाच ठिकाणी राहत व त्यांचा आहार पूर्णपणे रुग्णालयाच्या हाती असे. याच कारणाने १९४५ पासून होणाऱ्या दंतक्षयविषयक प्रयोगांसाठी या रुग्णालयाची निवड झाली. प्रारंभी जीवनसत्त्वे इत्यादींचा परिणाम तपासण्यात आला. १९४७ पासून मात्र प्रयोगाची दिशा बदलली व रुग्णांना हेतुपुरस्सर साखरयुक्त पदार्थ देण्यास सुरुवात झाली. मिठाई व चॉकलेट उद्योगाने प्रयोगाला आर्थिक साहाय्य केले, तसेच गोड पदार्थही पुरवले.

चारशेहून अधिक रुग्णांची विविध गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे द्रावण, एका गटाला गोड पाव, तर इतर गटांना जेवणांच्या मधल्या वेळांत कॅरॅमल, टॉफी किंवा चॉकलेट दिले जाई. चॉकलेटच्या गटाला दिवसाला ६५ ग्रॅम दुधाचे चॉकलेट चार वेळांत विभागून मिळत असे. टॉफीच्या दोन गटांपैकी एकाला दिवसाला आठ व दुसऱ्याला चोवीस टॉफी दिल्या जात.

### निष्कर्ष

बेंगट गुस्तफसन व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते.

* साखरेच्या सेवनाने दंतक्षय वाढू शकतो.
* साखर जेवणाबरोबर द्रावणाच्या स्वरूपात घेतल्यास, प्रमाण मोठे असूनही, दंतक्षयातील वाढ अल्प असते.
* साखर जेवणांच्या मधल्या वेळांत व दातांवर टिकून राहील अशा चिकट स्वरूपात घेतल्यास वाढ सर्वाधिक असते.
* गोड पदार्थ बंद केल्यावर नव्याने दात किडण्याचे प्रमाण घटते.
* एकाच प्रकारच्या आहारावर असलेल्या व्यक्तींमध्येही दंतक्षयाचे प्रमाण भिन्न असते.

दिवसाला चोवीस टॉफी खाणाऱ्या गटाची स्थिती सर्वांत वाईट झाली. चॉकलेटच्या गटातही दंतक्षय वाढला, मात्र तो या गटाच्या तुलनेत बराच कमी होता.

### नैतिक प्रश्न

प्रयोगातील रुग्णांना आपल्यावर काय केले जात आहे, हे समजणे किंवा त्याला नकार देणे शक्य नव्हते. त्यांच्या नातेवाइकांची संमती घेण्यात आली नव्हती. अनेक रुग्णांच्या दातांची कायमची हानी झाली. ठणका होत असला, तरी तो शब्दांत सांगू न शकणाऱ्या व्यक्तीही त्यांत होत्या. प्रयोगाची माहिती उघड झाल्यावर स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात त्यावर सार्वजनिक चर्चा झाली. या प्रयोगांत सहभागी असलेले संशोधक बू क्रासे यांनी सुमारे पन्नास वर्षांनंतर, २००१ मध्ये, त्यासंबंधीच्या आठवणी व विचार प्रसिद्ध केले. आजच्या संशोधननीतीनुसार अशा प्रयोगास परवानगी मिळू शकत नाही. त्यामुळेच या विषयावरील पाठ्यपुस्तकांत वीपेहोल्मचे निष्कर्ष आणि ते मिळवण्याची पद्धत या दोन्ही बाबींचा उल्लेख केला जातो.

### शनिवारची मिठाई

मधल्या वेळांत वारंवार गोड खाणे घातक ठरते, या निष्कर्षाच्या आधारे स्वीडनमधील आरोग्ययंत्रणेने मुलांना रोज थोडे थोडे गोड देण्याऐवजी आठवड्यातून एकदाच द्यावे, असा प्रचार केला. त्यातून ‘लोरदाग्सगोदिस’, म्हणजे शनिवारची मिठाई, ही प्रथा रूढ झाली. अनेक स्वीडिश कुटुंबांत ती आजही पाळली जाते.

## कोकोचे संरक्षक गुण: दावे व मर्यादा

कोकोमध्ये दंतक्षयाला विरोध करणारे काही घटक असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्त्रॉलफोर्स यांनी १९६० च्या दशकात हॅम्स्टर या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत आहारातील कोकोच्या भुकटीमुळे दंतक्षय कमी झाल्याचे नोंदवले. जपानमधील ओसाका विद्यापीठात ताकाशी ओशिमा व सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास कोकोच्या बियांच्या टरफलांचा अर्क अभ्यासला. हा अर्क स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सची ग्लुकान बनवण्याची क्रिया रोखतो व उंदरांमधील दंतक्षय कमी करतो, असे त्यांना आढळले. कोकोच्या गराच्या अर्काबाबत मात्र त्यांचा निष्कर्ष सावध होता. त्यात काही प्रमाणात संरक्षक गुण असले, तरी सुक्रोजच्या हानिकारक परिणामाला आवर घालण्याइतके ते प्रबळ नसतात.

कोकोतील थिओब्रोमिन या कॅफीनसदृश द्रव्यामुळे दंतवल्क कठीण होते, असाही दावा केला जातो. प्रयोगशाळेतील काही अभ्यासांत असा परिणाम दिसला व त्यावर आधारित टूथपेस्टही बाजारात आली. अन्य काही अभ्यासांत तो दिसला नाही. फ्लुओराइडच्या उपयुक्ततेला मानवी चाचण्यांचा अनेक दशकांचा जो आधार आहे, तसा थिओब्रोमिनला नाही.

या संशोधनाच्या आधारे ‘चॉकलेट दातांसाठी चांगले’ अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात. या प्रयोगांत शुद्ध अर्क किंवा कोकोची भुकटी वापरली गेली होती. दुकानात मिळणारी साखरयुक्त वडी नव्हे, हे अशा बातम्यांत बहुधा सांगितले जात नाही. टरफले तर चॉकलेट बनवताना काढून टाकली जातात. दुधाच्या चॉकलेटमधील केसिन, कॅल्शियम व फॉस्फेट हे घटक दातांना उपकारक असले, तरी सोबतच्या साखरेचा दोष त्यांमुळे नाहीसा होत नाही.

## साखरविरहित चॉकलेट

फिनलंडमधील तुर्कू येथे १९७२ ते १९७४ या काळात १२५ स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात तीन गटांना दोन वर्षे अनुक्रमे सुक्रोज, फ्रुक्टोज व झायलिटॉल यांनी गोड केलेले पदार्थ देण्यात आले. झायलिटॉलच्या गटात सुक्रोजच्या गटापेक्षा दंतक्षय फारच कमी आढळला. झायलिटॉल, माल्टिटॉल यांसारख्या शर्करा-अल्कोहोलांपासून तोंडातील जिवाणूंना आम्ल तयार करता येत नाही किंवा अत्यल्प तयार करता येते.

स्वित्झर्लंडमध्ये दातांना अपायकारक नसलेल्या मिठाईसाठी छत्रीखाली हसणाऱ्या दाताचे चिन्ह वापरले जाते. पदार्थ खाताना व त्यानंतर अर्ध्या तासात प्लाकचा सामू ५.७ च्या खाली जाऊ नये, ही त्यासाठीची मुख्य अट आहे. अशी चॉकलेटेही उपलब्ध असतात. शर्करा-अल्कोहोल जास्त प्रमाणात खाल्ल्यास पोट फुगणे व जुलाब होणे संभवते. तसेच ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेल्या पदार्थात खजूर, मध किंवा गूळ वापरलेला असल्यास तो दातांच्या दृष्टीने साखरयुक्तच मानावा लागतो.

## लहान मुले

दुधाच्या दातांचे दंतवल्क कायमच्या दातांच्या तुलनेत पातळ असल्याने त्यांत कीड लवकर खोलवर जाते. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ असे मानून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे अपायकारक ठरते. दुधाच्या शेवटच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. त्या वेळेपूर्वी काढाव्या लागल्यास कायमच्या दातांची जागा आक्रसते व ते वाकडे येऊ शकतात. दातदुखीमुळे मुलांच्या खाण्यावर, झोपेवर व शाळेतील उपस्थितीवरही परिणाम होतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्याने अनेक पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. तिच्या पृष्ठभागावरील खोल खाचांमध्ये टॉफी व बिस्किटांचा चिकटा सहज अडकतो. या खाचा बुजवण्यासाठी दंतवैद्य सीलंट नावाचा लेप लावतात.

भारतात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षे व १२ वर्षे या दोन्ही वयोगटांतील निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगात सुमारे २ अब्ज व्यक्तींच्या कायमच्या दातांत व सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांत उपचार न झालेला दंतक्षय आहे.

## प्रतिबंध

दंतक्षय टाळण्यासाठी चॉकलेट पूर्णपणे वर्ज्य करावे लागत नाही. पुढील उपायांनी धोका बराच कमी करता येतो.

* वेळ: चॉकलेट जेवणाला जोडून व एका बैठकीत खावे. मधल्या वेळांत थोडे थोडे खाणे टाळावे.
* निवड: चिकट टॉफी व दीर्घकाळ चघळण्याच्या गोळ्यांपेक्षा लवकर वितळणारे साधे चॉकलेट कमी अपायकारक असते. साखरेचे प्रमाण वेष्टनावरून पाहावे.
* चूळ: गोड खाल्ल्यानंतर पाण्याने खळखळून चूळ भरल्यास तोंडातील साखर कमी होते. खाण्यानंतर चूळ भरण्याची पारंपरिक सवय या दृष्टीने उपयुक्त आहे. मात्र चूळ भरल्याने प्लाकचा थर निघत नाही, त्यामुळे ती दात घासण्याला पर्याय ठरत नाही.
* दात घासणे: दिवसातून दोनदा फ्लुओराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. त्यांपैकी एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी व त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. लहान मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.
* फ्लुओराइडचे प्रमाण: यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लुओराइड मुळातच जास्त आहे. अशा भागांत लहान मुलांसाठी पेस्ट निवडताना दंतवैद्याचा सल्ला घेणे इष्ट असते.
* तपासणी: दातांवरील पांढरे डाग, दाढांच्या खाचांतील काळसर रेषा किंवा गोड खाताना येणारी कळ यांकडे दुर्लक्ष करू नये. दुखणे सुरू होण्यापूर्वी केलेला उपचार सोपा व कमी खर्चाचा असतो. कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचल्यास रूट कॅनाल उपचार करावा लागतो किंवा दात काढावा लागतो.

शाळेतील वाढदिवस, सण-समारंभ किंवा भेटवस्तू यांतून मुलांना मिळणारी चॉकलेटे लगेच व दिवसभर खाऊ देण्याऐवजी साठवून ठेवणे आणि आठवड्यातील ठरावीक दिवशी जेवणानंतर देणे, ही स्वीडनमधील शनिवारच्या मिठाईसारखीच सोय घरोघरी करता येते. त्यामुळे मुलांचा आनंद हिरावला जात नाही आणि आठवड्यातील उरलेल्या दिवशी दातांना सावरण्यास वेळ मिळतो.